एकवीस तासांचा शांत माणूस

खोली शांत वाटावी म्हणून मी चार महिने रोज ओरडत होते.

सुताराला ओरडले, रंगाऱ्याला ओरडले. दिवे लावणाऱ्याला तर दोनदा, कारण त्याने मालीशच्या टेबलाच्या बरोबर वर छताला दिवा ठोकला होता. उताणं झोपलेल्या माणसाच्या थेट डोळ्यांत उजेड! "मग उजेड कुठनं येणार ओ मॅडम?" म्हणे. भिंतीवरून येऊ दे, पडद्याआडून येऊ दे, कुठूनही येऊ दे. शेवटी त्यालाच टेबलावर झोपवला, तेव्हा साहेबांना पटलं.

टेबलाची उंची तीनदा बदलून घेतली. मी सरळ उभी राहिले की माझी मूठ टेबलाला टेकली पाहिजे, नाहीतर दुसऱ्याची पाठ मोकळी करता करता माझी जाते. तेलाची वाटी गरम ठेवायला भिंतीत कोनाडा. चष्मा आणि कानातलं यंत्र ठेवायला लाकडी वाडगा. आणि पालथं झोपल्यावर, टेबलाला तोंडासाठी ठेवलेल्या भोकातून जिथे जमीन दिसते, बरोबर तिथे एक बुटका पाट. त्यावर पर्स. बाईची पर्स नजरेआड झाली की तिचा खांदा सैल होत नाही. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण बावीस वर्षं मिरजेत लोकांच्या पाठी रगडून मला एवढं कळलेलं आहे.

हा सगळा खटाटोप नव्या नियमासाठी होता. दोन हजार बेचाळीस साली मालीश ही उपचारात धरली गेली, विमा तिचा खर्च देऊ लागला, आणि पाठोपाठ अट आली: खोली मान्यताप्राप्त हवी. म्हणजे खोलीत 'शमनप्रणाली' हवी, आणि परीक्षकांसमोर तिचे शंभरातले ऐंशी गुण पडायला हवेत. माझी तपासणी अठरा मार्चला होती. मान्यता नाही मिळाली तर माझे पेशंट सांगलीच्या मोठ्या केंद्रात जाणार. माझे पेशंट म्हणजे बहुतेक साठीच्या पुढचे, गुडघे धरून चालणारे. ते काय रोज सांगलीला जाणार होते? घरीच कण्हत बसले असते.

गुडघ्यांमुळेच खोली तळमजल्यावर हवी होती. आमच्या घरात तळमजल्यावर कामाची अशी एकच खोली, उत्तरेला मोठी खिडकी असलेली. तिथे माझा नवरा श्रीरंग बसायचा. तो तंबोऱ्यांना आणि सतारींना जवारी लावतो. म्हणजे तार ज्या घोडीवरून जाते, ती घोडी कानसून कानसून अशी करायची की तारेचा आवाज नुसता येऊन थांबत नाही, खुलतो. केसभर जास्त घासलं की काम बिघडलं. धारवाडपासून इंदूरपर्यंतची वाद्यं त्याच्याकडे येतात.

मी म्हटलं, "श्रीरंग, तुझी खोली लागेल मला. तू गच्चीवरच्या खोलीत बैस."

तो म्हणाला, "बरं."

दोन दिवसांत त्याने कानशी, घोड्या, भोपळे सगळं वर नेलं. चोवीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यावर एकदाही चिडलेला नाही. मी वीज कोसळावी तशी कोसळते आणि हा म्हणतो, "बरं." माझ्या नणंद वृंदाताई येता-जाता ऐकवतात, "श्री म्हणून टिकला हो. दुसरा असता तर कधीच पळून गेला असता." सगळ्या नातेवाइकांचं यावर एकमत आहे. त्या 'बरं'ने माझं किती डोकं फिरतं, हे मी कुणाला सांगू? भिंतीवर चेंडू मारला तर निदान परत येतो.

*

प्रणाली बसवायला कंपनीची इंजिनिअर आली. अन्वी चौगुले, इचलकरंजीची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, कामाला चोख. तिने दोन दिवस खोलीभर यंत्रं बसवली आणि मग मला समोर बसवून समजावलं.

छतात एक छोटं रडार. ते श्वासागणिक वरखाली होणारी छाती बघतं, आणि त्यातूनच हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर काढतं. भिंतीत उष्णता टिपणारा कॅमेरा. तो बोटांची टोकं किती गरम, किती गार ते बघतो, कारण माणूस धास्तावला की रक्त बोटांकडून आत ओढलं जातं. टेबलाच्या गादीत दाब मोजणारी जाळी, ती स्नायूंचा ताठपणा ओळखते. हे सगळं दर सेकंदाला मोजायचं आणि त्याप्रमाणे खोलीने स्वतःला बदलायचं: उजेडाचा रंग, टेबलाची ऊब, गादीतून येणारी अगदी बारीक थरथर, कानाला जेमतेम लागणारा खर्जातला आवाज. यातलं काय बदललं की हे शरीर शांत होतं, हे खोली स्वतःच शोधून काढते.

"छान," मी म्हटलं. "चालू कर."

"थांबा मॅडम. शांत म्हणजे काय ते तिला आधी दाखवावं लागतं."

"म्हणजे?"

"यंत्राला शांती कळत नाही. त्याला एक माणूस दाखवायचा आणि सांगायचं, हा शांत. मग येणाऱ्या प्रत्येकाचं शरीर त्या माणसासारखं होईपर्यंत खोली प्रयत्न करते. पूर्वी कंपनी परदेशातली तयार नोंद द्यायची. पण तिकडची बोटं, तिकडची थंडी... इथे सगळा घोळ झाला. म्हणून आता स्थानिक माणूस घेतो. रोज एक तास, एकवीस दिवस. तुमच्या ओळखीत कुणी शांत स्वभावाचं आहे?"

मी तोंड उघडायच्या आत, चहा घेऊन आलेल्या वृंदाताई म्हणाल्या, "आमचा श्री!"

सुतार हसला. रंगारी हसला. अगदी खरं सांगायचं तर मीही हसले, कारण उत्तर इतकं सोपं होतं. मिरजेत कुणालाही विचारलं असतं तरी हेच नाव आलं असतं.

मी वर जाऊन सांगितलं. श्रीरंग एका तंबोऱ्यावर वाकला होता. मान वर न करता म्हणाला, "बरं."

एकवीस दिवस तो रोज चार वाजता खाली यायचा, टेबलावर झोपायचा आणि तासभर हलायचाही नाही. अन्वी पडद्यावरच्या रेषा बघून खूश. "मॅडम, इतकी स्थिर नोंद मी आजवर बघितली नाही. काही वरखालीच नाही!"

"माझ्या नशिबातही नाही," मी म्हटलं.

*

खोली सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात चाचणीचे गुण आले, शहाण्णव. अन्वीने फोनवर अभिनंदन केलं. वृंदाताईंनी पेढे वाटले. तपासणी म्हणजे आता निव्वळ औपचारिकता राहिली होती.

मला मात्र चैन पडेना. माझे हात काहीतरी वेगळंच सांगत होते.

लोक टेबलावर झोपायचे, पाच मिनिटांत गप्प व्हायचे, पडद्यावर सगळं हिरवंगार. आणि माझ्या अंगठ्याखाली पाठ दगडासारखी. तीही एकाच जागी. डाव्या खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला एक गाठ, सुपारीएवढी. रिटायर्ड पोस्टमनला तीच गाठ, शाळेच्या बाईंना तीच, नाभिकाच्या दुकानातल्या दगडूमामांना तीच. जबडा आवळलेला, श्वास वरच्या वर. उठून बसले की सगळे एकसारखं सभ्य हसायचे आणि "छान वाटलं" म्हणून जायचे. मी तेल बदललं. टेबल पुन्हा मोजलं. स्वतःच्या अंगठ्यांवर चिडले. पन्नाशी आली, हात गेले बहुतेक, असं वाटून एका दुपारी मी न्हाणीघरात जाऊन रडूनसुद्धा आले.

मग मंगलकाकू आल्या. या बाईंची पाठ मी अकरा वर्षं चोळते आहे. टेबलावर पालथ्या झाल्या की त्यांची सुनेबद्दलची तक्रार सुरू होते. सुनेने डाळीत साखर घातली, सुनेने पडदे बदलले, सुनेने नातवाचे केस असे कापले. पाऊण तास अखंड. त्या जसजशा बोलतात तसतशी त्यांची पाठ सुटत जाते. शेवटी दोन-चार अश्रू त्या भोकातून खाली पर्सवर टपकतात, आणि मग काकू उठून म्हणतात, "तशी गुणाची आहे ती."

त्या दिवशी काकू गप्प. मीच विचारलं, "सून काय म्हणते?"

"बरी आहे."

माझे हात तिथल्या तिथे थांबले. मंगलकाकूंची सून अकरा वर्षांत कधी नुसती 'बरी' नव्हती.

"काकू, भांडण झालं का काही?"

"झालं की. काल तर लई झालं." त्या खाली पर्सकडे बघतच बोलत होत्या. "सांगायचं म्हणूनच आले होते बघ. पण तुझ्या ह्या नव्या खोलीत आलं की बोलावंसंच वाटत नाही गं. तोंडाशी येतं आणि गिळलं जातं."

काकू गेल्यावर मी अन्वीला फोन लावला आणि सरळ झापायलाच सुरुवात केली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, गुण तर शहाण्णव आहेत."

"कशाचे शहाण्णव?"

"पेशंटचं शरीर मूळ नोंदीच्या किती जवळ गेलं, त्याचे."

"आणि मूळ नोंदच चुकीची असली तर?"

"ते तपासायची सोय नाही मॅडम. तुम्ही सांगाल तो शांत."

"त्या नोंदीत बोटांचं तापमान किती आहे?"

कळा दाबल्याचा आवाज आला. "सव्वीस."

"खोली कितीवर होती?"

"पंचवीस."

निवांत पडलेल्या माणसाची बोटं बत्तीस-तेहेतिसावर असतात, हे मला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं होतं. श्रीरंगची बोटं एकवीस दिवस, एकवीस तास, बर्फासारखी गार होती. आणि माझ्या खोलीने त्याच्याकडून शांती शिकून अख्ख्या पेठेची बोटं गार केली होती.

*

मी वर गेले. मार्चच्या उन्हात छपराचा पत्रा तापून टकटक वाजत होता. चार महिन्यांत मी या खोलीत दोनदा आले असेन, तेही त्याला खाली बोलवायला. श्रीरंग दाराशी बसला होता, कारण आत उजेडच नव्हता. मांडीवर घोडी, हातात कानस, पण कानस चालत नव्हती. भिंतीला दोन तंबोरे टेकवलेले, त्यांच्यावर परत पाठवल्याच्या चिठ्ठ्या.

"खाली चल. टेबलावर झोप."

"पुन्हा नोंद?"

"नाही. मालीश करते."

"मला काही होत नाहीये."

खरंच, चोवीस वर्षांत हेच ऐकून मी त्याच्या पाठीला कधी हात लावला नव्हता. दुनियेच्या पाठी चोळत होते आणि घरातली एक तेवढी राहिली होती. मी म्हटलं, "चल म्हणते ना!" आणि तो अर्थातच "बरं" म्हणून उठला.

टेबलावर पालथा झाला. मी तेल घेतलं आणि डाव्या पात्याच्या आतल्या कडेवर अंगठा ठेवला. गाठ तिथेच होती. सगळ्यांच्या गाठी तिच्या नकला होत्या. ही मूळची, जुनी, लिंबाएवढी.

"श्रीरंग, काय आहे हे?"

"काही नाही."

"ते तंबोरे परत का आले?"

भोकातून आवाज आला. "जवारी नीट लागली नव्हती."

"तुझी? तुझी जवारी?"

"वर दिसत नाही. घोडीवर जिथे घासलंय तिथली चमक बघायला उत्तरेचा उजेड लागतो. उन्हात सगळंच चमकतं. आणि पत्रा वाजतो, मला तार ऐकू येत नाही."

"कधी आले परत?"

"डिसेंबरात."

"आणि तू मला आत्ता सांगतोयस?"

तो उठून बसला. त्याचा चेहरा कधी नव्हे तो लाल झाला होता. "तू विचारलंस कधी?" आवाज चढत होता. "अठरा वर्षं मी या खिडकीपाशी बसत होतो, हेमा! तू विचारलं नाहीस, तू सांगितलंस! मला..."

आणि तेवढ्यात खोलीने काम सुरू केलं. उजेड मंद होऊन केशरी झाला. टेबल उबदार होऊन बारीक थरथरू लागलं. खर्ज घुमला. माझ्या डोळ्यांदेखत श्रीरंगचे खांदे खाली आले, जबडा मिटला, वर आलेले शब्द कंठापाशी अडले आणि खाली गेले. खोली त्याच्याच मापाने बेतलेली होती, तिला त्याच्यावर काही कष्टच पडले नाहीत. पडद्यावर रेषा हिरव्या झाल्या.

"जाऊ दे," तो म्हणाला. "बरं आहे सगळं."

मला जन्मात कशाची एवढी भीती वाटली नव्हती. मी धावत दाराशी गेले आणि मेन स्विच खाडकन पाडला.

खर्ज थांबला. पंखा थांबला. उत्तरेच्या खिडकीवरचा माझा तो निवडून निवडून आणलेला पडदा मी ओढून काढला. साधा, पांढरा उजेड आत आला.

"बोल आता."

"नको."

"श्रीरंग, बोल!"

"काय बोलू?" आणि मग तो ओरडला. खरोखर ओरडला, रस्त्यावरचा भाजीवाला वळून बघायला लागला इतका. "नाही म्हटलं की तू तासभर बोलतेस! मला दिवसभर तारा ऐकायच्या असतात. भांडलो की माझे कान दोन दिवस काम करत नाहीत, म्हणून बरं म्हणतो! माझी खोली मला हवी होती! आणि मला पडवळ आवडत नाही! दर गुरुवारी पडवळ!"

"चोवीस वर्षं खातोयस ते!"

"नाही आवडत!"

आम्ही भांडलो. मीही काही कमी पडले नाही, त्याच्या 'बरं'पासून त्याच्या ओल्या टॉवेलपर्यंत सगळं काढलं. मला विचारायची सवय नाही, हे तो तीनदा म्हणाला. पहिल्या दोन वेळा मी नाकारलं. तिसऱ्या वेळी गप्प बसले, कारण ते खरं होतं. मी लोकांच्या पर्ससाठी पाट करून घेतला होता, आणि ज्याची खोली घेतली त्याला साधं विचारलं नव्हतं.

शेवटी दोघंही दमून टेबलाच्या कडेवर बसलो. मी सवयीने त्याचा हात हातात घेतला. बोटं गरम होती.

*

दुसऱ्या दिवशी मी मान्यता मंडळाला कळवलं की मूळ नोंद सदोष आहे, अठरा तारखेची तपासणी रद्द करा. उत्तर आलं, पुढची तारीख जूनमध्ये. अन्वी हादरली. "मॅडम, शहाण्णव गुण आहेत! कुणालाही कळलं नसतं!"

"मंगलकाकूंना कळलं असतं," मी म्हटलं. "ये आणि नवी नोंद घे."

मधल्या काळात खोलीची वाटणी झाली. सकाळी एकपर्यंत खिडकी श्रीरंगची, टेबल भिंतीला उभं. दुपारनंतर माझी. पेशंट अजूनही येतात, यंत्र बंद ठेवून, विम्याशिवाय, जमेल तसे. तिळाच्या तेलात आता लाखेचा आणि लाकडाच्या भुशाचा वास मिसळतो, आणि टेबलावर रोज भुसा सापडतो म्हणून मी रोज ओरडते. तो हल्ली उलट उत्तर देतो. पोस्टमनकाका म्हणतात, तुमच्या घरी फार आवाज वाढला हो. काकूंची सून पुन्हा डाळीत साखर घालायला लागली आहे.

अन्वी आली, यंत्र सुरू केलं आणि विचारलं, "या वेळी शांत माणूस कोण?"

"तोच."

"मॅडम?"

"तोच. पण आधी दहा मिनिटं थांब."

मी श्रीरंगला विचारलं, "आज काय खटकलं?"

त्याने डोकं खाजवलं. सुरुवातीला त्याला यादी करावी लागायची, आता तोंडपाठ असतं. "तपासणी रद्द केल्याचं पत्र मला न विचारता पाठवलंस."

"तुझ्यासाठीच पाठवलं ना!"

"म्हणूनच विचारायचं!"

दहाऐवजी वीस मिनिटं लागली. अन्वी भिंतीला टेकून, लॅपटॉप छातीशी धरून उभी होती. मग श्रीरंग टेबलावर झोपला, आणि पडद्यावरच्या रेषा पहिल्यांदाच वरखाली नाचायला लागल्या. श्वास खोल, ठोक्यांमधलं अंतर निवांत माणसासारखं श्वासागणिक लांबतंय, आखडतंय. बोटं एकोणतीस, एकतीस, तेहेतीस. मी डाव्या पात्याखाली हात घातला. गाठ होती, पण अंगठ्याखाली दबत होती.

थोड्या वेळाने टेबलावरून एक खरखरीत आवाज आला. अन्वी दचकली. मीही दचकले, कारण चोवीस वर्षांत मी हा आवाज ऐकला नव्हता. श्रीरंग घोरत होता. तोंड उघडं टाकून, लाकूड कापावं तसा घोरत होता. आता रात्रीची माझी झोप गेली, हा माझा पहिला विचार.

अन्वी हळूच म्हणाली, "मॅडम, हे घोरणं श्वासाच्या नोंदीतून काढून टाकू का? ठेवलं तर इतरांना या नोंदीच्या जवळ जाणं अवघड होईल, गुण कमी होतील."

"किती?"

"सांगता येत नाही. ऐंशीच्या आसपास राहतील किंवा खाली जातील."

मी त्याच्या हाताकडे बघितलं. कानशीने चरे पडलेली बोटं सैल सुटून टेबलाच्या कडेवरून लोंबत होती.

"राहू दे," मी म्हटलं. "त्याला विचारल्याशिवाय मी काहीही काढणार नाही."